होम ऑफिस निर्णय मागे घ्यायला तयार आहे: कन्सेंट ऑर्डरवर सही करावी का?

विचारणा थोडक्यात अशी: आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. २०१६ मध्ये यजमानांच्या वर्क व्हिसावर ब्रिटनमध्ये लेस्टरला आलो, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मुलगा इथेच २०१७ च्या सुरुवातीला झाला. २०१९ मध्ये यजमानांची कंपनी बंद पडली. कुटुंब आणि खासगी आयुष्य या आधारावर इथे राहू देण्यासाठी होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृह खात्याकडे, अर्ज केला, तो फेटाळला गेला. २०२१ मध्ये अपीलही हरलो. २०२४ मध्ये पुन्हा अर्ज केला. २०२५ मध्ये तोही फेटाळला, आणि या वेळी अपीलचा हक्कसुद्धा नाही असं कळवलं. देशाबाहेर काढण्याची नोटीस आली. हजेरीला गेलेल्या यजमानांना नऊ दिवस डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलं. आम्ही ज्युडिशियल रिव्ह्यू (सरकारी निर्णय कायदेशीर आहे का ते न्यायाधीशांकडून तपासून घेण्याचा खटला) दाखल केला, सुनावणीची परवानगी मिळाली. आता सुनावणीला पाच आठवडे उरले असताना सरकारी वकिलांकडून कन्सेंट ऑर्डरचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने खटला मिटवणाऱ्या आदेशाचा, मसुदा आलाय: निर्णय मागे घेतो, तीन महिन्यांत पुन्हा विचार करतो, खर्च ज्याचा त्याने सोसायचा. आमचे सॉलिसिटर म्हणतात सही करा. यजमान म्हणतात, ते घाबरलेत म्हणून मागे सरतायत, आता लढायचंच. काय करू?

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. तडजोड करा, पण आलेल्या मसुद्यावर जशीच्या तशी सही करू नका. त्यातल्या काही ओळी बदलून घ्यायच्या आहेत, आणि त्या बदलून मिळण्यासारख्या आहेत. सुनावणी तोंडावर असताना सरकारी बाजूलाही प्रकरण मिटवायचं असतं, त्यामुळे मागणं मागायची हीच वेळ.

यजमानांचं दुःख मला कळतं. नऊ दिवस कोंडून ठेवलेल्या माणसाला न्यायाधीशाच्या तोंडून ‘तुमचं बरोबर होतं’ एवढं तरी ऐकायचं असतं. पण तुमचा खटला नेमका कशाबद्दल आहे ते पाहा. ‘आम्हाला इथे राहू द्या’ अशी मागणी अप्पर ट्रायब्युनलपुढे, म्हणजे तुमचा खटला ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, नाहीच. २०२४ च्या अर्जातलं तुमचं म्हणणं नवा दावा म्हणून मानायला होम ऑफिसने नकार दिला, त्यामुळे अपीलचं दार बंद झालं, आणि तो नकार बेकायदा आहे, एवढाच वाद तिथे आहे. इमिग्रेशन नियमांतला परिच्छेद ३५३ तो हाच. एकदा मानवी हक्काचा दावा फेटाळला गेला असेल, तर पुढच्या वेळचं म्हणणं ‘ताजा दावा’ ठरायला त्यात खरोखर काही नवं हवं आणि न्यायाधीशापुढे ते टिकण्याची वास्तव शक्यता हवी. आता समजा तुम्ही सुनावणी लढलात आणि पूर्ण जिंकलात. न्यायाधीश काय देतील? जुना निर्णय रद्द, होम ऑफिसने नव्याने विचार करावा. व्हिसा ते देऊ शकत नाहीत, तो अधिकारच त्यांना या प्रकारच्या खटल्यात नाही. म्हणजे जिंकून जे हाती येणार, त्याच्या जवळपासचं काहीतरी आज टेबलावर आहे. ते झिडकारलंत तर सरकारी वकील न्यायाधीशांना म्हणतील, आम्ही देत होतो, यांनी घेतलं नाही, आता भांडण उरलंच कुठे? त्या दिवसापासूनचा खर्च मग तुमच्या अंगावर येऊ शकतो. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच.

मात्र ‘जवळपास’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमचं सगळं प्रकरण त्या उरलेल्या अंतरात आहे.

‘निर्णय मागे घेतो आणि पुन्हा विचार करतो’ या वाक्यात पुन्हा विचार करून काय करणार, ते लिहिलेलं नसतं. तोच नकार पुन्हा देता येतो आणि अपीलचा हक्कही पुन्हा नाकारता येतो. मी इथे चोवीस वर्षं इमिग्रेशनची वकिली करते आहे. त्यातल्या सहाव्या की सातव्या वर्षी, तुमच्यासारख्याच दोन मुलांच्या एका कुटुंबासाठी मी असा मसुदा मान्य केला होता. त्या दिवशी त्या बाईंनी ऑफिसात पेढे आणले. अकरा आठवड्यांनी नवा निर्णय आला. पानं जास्त होती, निष्कर्ष तोच होता, आणि अपील नव्हतं. पुन्हा पत्र, पुन्हा खटला, पुन्हा फी. चौदा महिने गेले, आणि त्यात मोठ्या मुलाचं परीक्षेचं वर्ष होतं. चूक माझी होती. एक वाक्य मागायला हवं होतं, ते मी मागितलं नव्हतं.

ते वाक्य तुमच्या सॉलिसिटरना दाखवा: पुनर्विचार झाल्यावर अर्जदारांना राहण्याची परवानगी दिली जाईल, आणि ती दिली नाही तर मानवी हक्काचा दावा फेटाळणारा नवा निर्णय दिला जाईल, ज्याच्यावर या देशात राहून अपील करण्याचा हक्क असेल. ‘या देशात राहून’ हे शब्द गाळू देऊ नका. इथल्या २००२ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९४ खाली एखादा दावा ‘उघडपणे निराधार’ असल्याचा शिक्का मारून अपीलचा रस्ता अडवता येतो. ज्या देशांच्या नागरिकांबाबत हा शिक्का मारणं हाच नियम आणि न मारणं अपवाद, अशी एक यादी त्या कलमात आहे आणि भारताचं नाव त्यात २००५ पासून आहे. ही गोष्ट आपल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. म्हणून मसुद्यात हेही लिहून घ्यायचं, की असा शिक्का मारला जाणार नाही.

अपीलवर माझा एवढा भर का, ते सांगते. ज्युडिशियल रिव्ह्यूत न्यायाधीश फक्त निर्णय घेण्याची पद्धत तपासतात. फर्स्ट टियर ट्रायब्युनलच्या, म्हणजे खालच्या न्यायाधिकरणाच्या, अपीलात न्यायाधीश स्वतः ठरवतात की या कुटुंबाला बाहेर काढणं माणुसकीच्या मोजमापात बसतं का. तिथे तुमची मुलगी, तिचे शिक्षक, शेजारी यांचं ऐकून घेतलं जातं. अपील चालू असेपर्यंत कुणाला देशाबाहेर काढता येत नाही. आणि तिथे तुमच्या हातात एक बळकट कलम आहे: त्याच २००२ च्या कायद्यात २०१४ साली घातलेलं ११७बी, पोटकलम ६. मूल ब्रिटिश असेल किंवा सलग सात वर्षं इथे राहिलेलं असेल, आई-बापाचं त्याच्याशी खरंखुरं नातं असेल, आणि मुलाने देश सोडावा ही अपेक्षा वाजवी नसेल, तर सार्वजनिक हिताला त्या आई-बापाला काढण्याची गरज नाही, असं ते कलम थेट सांगतं. २०२१ मध्ये तुम्ही अपील हरलात तेव्हा मुलीची पाच वर्षं झाली होती, मुलाची चार. आज दोघंही सातच्या पुढे आहेत. त्या जुन्या निकालापासूनच नवे न्यायाधीश सुरुवात करतील हे खरं, पण हे कलम त्या वेळी तुम्हाला लागूच नव्हतं, आज लागू आहे. तुमचं ‘नवं’ ते हेच.

इथे एक खुलासा, कारण मराठीत आपण सगळ्यालाच हद्दपारी म्हणतो. गावाकडे गुंडाला जिल्ह्यातून तडीपार करतात, ती महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ ची गोष्ट वेगळी. इथल्या कायद्यातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी संपल्यावर राहिलेल्या माणसाला काढणं ही एक. गुन्ह्याची शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला सार्वजनिक हितासाठी हद्दपार करणं ही दुसरी. बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की २००७ च्या कायद्याने ती आपोआप सुरू होते. मी वर सांगितलेलं पोटकलम ६ फक्त पहिल्या गटासाठी आहे. तुमच्या घरात कुणालाच शिक्षा झालेली नाही, म्हणून तुम्ही त्यात बसता. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात तसं काही असेल, तर त्यांनी माझं हे उत्तर आपल्याला लागू धरू नये. त्यांची वाट फार चढणीची आहे आणि तडजोडीचे मुद्देही निराळे आहेत.

‘वाजवी नाही’ म्हणजे काय, यावर इथल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये केओ (नायजेरिया) या प्रकरणात निकाल दिला. मुलाने देश सोडणं वाजवी आहे का हे ठरवताना आई-बापाच्या चुका मुलाच्या खात्यावर लिहायच्या नाहीत. पण आई-बापाला इथे राहायचा हक्क नाही आणि ते जाणार आहेत, हे वास्तव मात्र विचारात घ्यायचं. ही दुसरी बाजू अवघड आहे, आणि नकाराच्या पत्रात बहुतेक वेळा तीच वापरलेली असते: सगळं कुटुंब एकत्र भारतात जाईल, तिथे शाळा आहेत, इंग्रजी बोलतात, आजी-आजोबा आहेत. त्याआधी २०११ मध्ये झेडएच (टांझानिया) या प्रकरणात न्यायाधीश लेडी हेल यांनी मुलांचं हित हा प्राथमिक विचार असला पाहिजे हे ठामपणे मांडलं. त्या प्रकरणातली एक गोष्ट तुमच्या यजमानांना सांगा. बारा आणि नऊ वर्षांच्या दोन ब्रिटिश मुलांच्या त्या आईला काढणं योग्य होणार नाही, हे सरकारने सुप्रीम कोर्टापर्यंत पोचल्यावर मान्य करून टाकलं होतं. त्या आईचा इमिग्रेशनचा इतिहास चांगला नव्हता, तरीही. सरकार एखाद्या प्रकरणात मागे सरतं तेव्हा ते घाबरलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा कागद पाहून त्यांच्याच वकिलाने सांगितलेलं असतं की हे टिकणार नाही. तुमच्या प्रकरणात मला तसंच दिसतं, आणि म्हणूनच अपीलच्या हक्काचं वाक्य तुम्हाला मिळेल असं वाटतं.

आता मुदत. मसुद्यात ‘तीन महिने’ असं लिहिलं असेल तर त्याच्या मागे-पुढे ‘विशेष परिस्थिती नसल्यास’ असे शब्द आहेत का बघा. ते जवळजवळ नेहमी असतात आणि पूर्ण काढून मिळत नाहीत. त्याऐवजी दोन गोष्टी मागा. तीन महिने ट्रायब्युनलने ऑर्डरवर शिक्का मारल्याच्या तारखेपासून मोजायचे. आणि तुम्ही नवे पुरावे अठ्ठावीस दिवसांत पाठवाल, ते विचारात घ्यायचे, असं दोन्ही बाजूंनी मान्य करायचं. ही दुसरी अट तुमच्याच फायद्याची आहे. ती नसेल तर २०२४ च्या जुन्या कागदांवरच विचार होऊन पत्र येऊ शकतं. शिवाय पुनर्विचार चालू असेपर्यंत कुणालाही देशाबाहेर काढलं जाणार नाही, हे वाक्यही हवंच. यजमानांची हजेरी दर दोन आठवड्यांची असेल तर ती विरळ करायची विनंतीही याच पत्रात करा. होतं पुष्कळदा.

खर्चाच्या ओळीवर बहुतेक लोक दमलेले असतात म्हणून सही करून टाकतात. तसं करू नका. ‘ज्याचा खर्च त्याने’ ही सरकारी मसुद्याची ठरीव ओळ आहे, ती कायद्याची ओळ नाही. एम विरुद्ध क्रॉयडन या २०१२ च्या निकालात अपील कोर्टाने सांगितलं की खटला तडजोडीत मिटला आणि दावेदाराला जे हवं होतं ते सगळं मिळालं, तर साधारणपणे त्याला त्याचा खर्च मिळाला पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका निकालात सरकारने ‘निव्वळ व्यावहारिक कारणांसाठी’ तडजोड केली म्हणून खर्च देणार नाही, असा युक्तिवाद केला होता. कोर्टाने तो मानला नाही. खटल्याआधीच्या पत्राला नीट उत्तर दिलं असतं तर खटल्याची वेळच आली नसती, हा विचार त्यामागे होता. म्हणून तुमच्या सॉलिसिटरनी खटल्याआधी पाठवलेलं ते पहिलं पत्र काढा. आज जे मिळतंय तेच त्यात मागितलेलं असेल तर खर्चाची बाजू तुमची आहे. खर्चावर एकमत झालं नाही तर बाकीची तडजोड अडवायची गरज नाही. ‘खर्चाबाबत दोन्ही बाजू लेखी म्हणणं मांडतील आणि ट्रायब्युनल ठरवील’ एवढं लिहून पुढे जाता येतं. तुम्ही दागिने मोडून फी भरली असेल, आणि बहुतेकांनी तसंच केलेलं असतं, तर हे पैसे तुमच्या मुलांचे आहेत.

नऊ दिवसांच्या डिटेन्शनबद्दल. मसुद्यात ‘सर्व दाव्यांचा पूर्ण व अंतिम निपटारा’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ते काढून टाका. माणसाला डांबून ठेवायचं असेल तर नजीकच्या काळात त्याला बाहेर पाठवण्याची वास्तव शक्यता असली पाहिजे, हे तत्त्व इथल्या कोर्टाने १९८३ साली डरहॅमच्या तुरुंगात ठेवलेल्या एका भारतीय माणसाच्या खटल्यातच घालून दिलं, आणि आजही प्रत्येक डिटेन्शन त्याच कसोटीवर तपासलं जातं. घरात दोन शाळकरी मुलं, कायदेशीर लढाईची तयारी चालू, आणि तरी नऊ दिवस, हे कायदेशीर होतं का हा वेगळा दावा आहे. तो वेगळ्या न्यायालयात, वेगळ्या मुदतीत चालतो. बेकायदा डांबल्याची नुकसानभरपाई मागायला सहा वर्षं असतात, पण मानवी हक्क कायद्याखाली मागायची तर एकच वर्ष. म्हणून सुटकेच्या तारखेपासून दिवस मोजा. ‘या ऑर्डरमुळे डिटेन्शनविषयीच्या कोणत्याही दाव्याला बाध येत नाही’ एवढी ओळ आली की यजमानांना न्यायाधीशापुढे जायचं असेल तर तो रस्ता उघडा राहतो. कदाचित त्यांना लढायचं आहे ते हेच, आणि तिथे लढणं योग्यही आहे.

आता पुरावे. तडजोडीनंतर खरं काम सुरू होतं आणि त्यासाठी तुमच्याकडे फक्त चार आठवडे असतील.

लोक मुलांबद्दल लिहिताना घाबरून एक चूक करतात. ‘मुलांना मराठी येत नाही’ असं लिहितात. ते खोटं असतं, आणि मुलगी आजीशी फोनवर बोलते हे कुणीतरी विचारतंच. खरं तेच लिहा, ते जास्त बळकट आहे. मुलगी घरी मराठी बोलते, ‘आजी, जेवलीस का’ म्हणते, पण तिला देवनागरी वाचता येते का? जोडाक्षरं लिहिता येतात का? ती आता तेरा वर्षांची आहे, म्हणजे साताऱ्यात आठवी-नववीच्या वर्गात बसेल. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. इंग्रजी माध्यम म्हटलं तरी मराठीचा पेपर चुकत नाही, हिंदीही बहुधा असते. तिथल्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलीला मराठी कितपत यावी लागते याचं साधं पत्र मागवा. इथल्या शाळेकडून ती जीसीएसईसाठी (सोळाव्या वर्षाच्या सुमाराची इथली शालेय परीक्षा) कोणते विषय निवडते आहे, तो अभ्यासक्रम मध्येच तुटला तर काय होईल, याचं पत्र घ्या. ही दोन पत्रं शेजारी ठेवली की ‘भारतात शाळा आहेत’ या वाक्याला उत्तर मिळतं. हे मी एका औरंगाबादच्या कुटुंबासाठी केलं होतं, तेव्हा तो कायदा नवा होता, आणि न्यायाधीशांनी त्याबद्दल स्वतःहून प्रश्न विचारले.

शिक्षकांची पत्रं ‘ती फार गुणी आहे’ अशी नकोत. कोणत्या इयत्तेपासून ओळखतात, तिच्या मैत्रिणी कोण, वडील डिटेन्शनमध्ये असताना वर्गात काय बदल दिसला, असं ठोस हवं. परवडत असेल तर स्वतंत्र सोशल वर्करचा अहवाल घ्या. तो मुलांशी पालकांच्या अनुपस्थितीत बोलतो, म्हणून त्याला वजन असतं. आणि मुलीने स्वतः लिहिलेलं एक पान असू द्या. तुम्ही ते सुधारू नका, शुद्धलेखनही नको.

मुलाचा विचार वेगळा करा. तो इथे जन्मला, सात वर्षं सलग इथेच आहे. २०२२ च्या नियमांनुसार अशा मुलाला, त्याने देश सोडणं वाजवी नसेल तर, थेट कायम वास्तव्य मागता येतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, त्याबद्दल सॉलिसिटरना विचारा. त्याहून मोठी गोष्ट २०२७ मध्ये येते. या देशात जन्मून पहिली दहा वर्षं इथेच काढलेल्या आणि त्यातल्या कोणत्याही वर्षी नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर न राहिलेल्या मुलाला १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळतो. हा हक्क त्याचा स्वतःचा आहे, तुमच्या व्हिसावर तो अवलंबून नाही. त्यासाठी दहाही वर्षांचा पुरावा लागतो, म्हणून बाळाच्या आरोग्याच्या नोंदींची ती लाल वही, लसीकरणाच्या नोंदी, नर्सरीच्या पावत्या, शाळेचे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावायला आजच सुरुवात करा. लाल वही हरवलेली कुटुंबं मी पुष्कळ पाहिली, आणि पहिल्या तीन वर्षांचा पुरावा जमवताना त्यांची फार दमछाक होते. तो ब्रिटिश झाला की भारतीय पासपोर्ट ठेवता येणार नाही, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) करावं लागेल. साताऱ्याच्या आजोबांना हे आधीच समजावून ठेवा.

आणि आता जे लिहिताना मलाही जड जातं. पुनर्विचार चालू असताना देश सोडून बाहेर गेलात की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं, आणि अपील चालू असेल तर तेही सोडून दिलं असं मानतात. म्हणजे सासूबाई किंवा तुमची आई आजारी पडली, अगदी शेवटचं म्हणाली तरी, जाऊन परत येणं नाही. माझ्या अशिलांपैकी कितीतरी जणांनी वडिलांचे अंत्यविधी मोबाइलवर पाहिलेत. हा निर्णय तेव्हाच्या तेव्हा करायची वेळ आली की माणूस विमानतळावर पोचतो आणि दहा वर्षांचं काम तिथे संपतं. म्हणून दोघांनी आताच बसून बोला, आणि साताऱ्यालाही सांगा.

कन्सेंट ऑर्डरने काम करायची परवानगीही मिळत नाही. २०१६ पासून विनापरवाना काम हा गुन्हा आहे, आणि रोखीने केलेल्या चार दिवसांच्या कामाने सगळं प्रकरण डागाळतं. घर चालवणं अशक्य झालं असेल तर १९८९ च्या बाल कायद्याच्या कलम १७ खाली गरजू मुलांसाठी कौन्सिलकडे मदत मागता येते. ही मदत मुलांच्या नावावर असते; मागायला लाजू नका. आणि बेलग्रेव्ह रोडवर कुणी ओळखीचा माणूस पाचशे पौंडात ‘आतून काम करून देतो’ म्हणाला तर सरळ निघून या. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

परवानगी मिळालीच तर ती बहुधा अडीच वर्षांची असेल आणि कायम वास्तव्यापर्यंतचा रस्ता आई-बापासाठी दहा वर्षांचा. अशा अर्जासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासूनच्या दराने मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, म्हणजे तुम्ही दोघं आणि मुलगी मिळून (मुलाचा अर्ज वेगळा, म्हणून तो यात धरला नाही) अडीच वर्षांचे ७,११५ पौंड. पहिला अर्ज फेटाळल्यावर अधिभार परत आला असेल, तर होकार देताना तो पुन्हा मागतात आणि मुदत थोड्या दिवसांची असते. फी माफी मिळाली असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर परत आलेल्या पैशांना हात लावू नका.

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाबद्दल नातेवाईक विचारत असतील, म्हणून थोडंसं. तिथे समेटाची जुनी परंपरा आहे. १९७९ मध्ये ब्रिटनमधल्या एका भारतीय कुटुंबाची हद्दपारीविरुद्धची तक्रार युरोपीय मानवी हक्क आयोगाने दाखल करून घेतली आणि पुढच्याच वर्षी ती समेटाने मिटली. आजही युरोपीय मानवी हक्क कन्व्हेन्शनच्या (कराराच्या) कलम ३९ खाली असा समेट होतो, २०१९ पासून त्यासाठी सुरुवातीचे बारा आठवडे राखून ठेवलेत, बोलणी गुप्त असतात, आणि समेट मानवी हक्कांना धरून आहे की नाही हे कोर्ट स्वतः तपासतं. पण इथले सगळे उपाय संपल्याशिवाय तिथे जाता येत नाही, आणि ते संपल्यापासून चारच महिने मिळतात. तुमचे उपाय संपलेले नाहीत. तो विचार आज बाजूला ठेवा.

समजा सरकारी बाजूने बाकी सगळं मान्य केलं आणि अपीलच्या हक्काचं वाक्य तेवढं नाकारलं, तर? मग मी सुनावणीला जाईन. परवानगी मिळालेल्या खटल्यात न्यायाधीशांचा कारणांसह निकाल नुसत्या पुनर्विचाराच्या आश्वासनापेक्षा मोलाचा असतो, कारण नव्याने निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती कारणं डावलता येत नाहीत. आणि जे मागितलं ते सगळं देऊ केलं नव्हतं, असं सांगण्यासारखं तुमच्याकडे लेखी काही असेल. म्हणूनच बदलांची मागणी फोनवर नको, पत्राने करा, आणि उत्तराला सात दिवसांची मुदत द्या.

दोन्ही सह्या झाल्या तरी ट्रायब्युनलचा शिक्का पडेपर्यंत सुनावणीची तारीख तशीच उभी असते. तोपर्यंत बॅरिस्टरना मोकळं करू नका आणि कागदपत्रांची फाइल वेळेत दाखल होऊ द्या.